गच्चीवरचं ऊन

कुरडयांचा चीक गरम असतो तोवरच सोऱ्यातून नीट पडतो. त्यामुळे वैशाखात आमच्या घरी गच्चीवरचं काम ऊन चढायच्या आत उरकावं लागतं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आता जिना चढत नाहीत. त्या खालच्या पडवीत बसून विचारत राहतात, "तार तुटतेय का गं? मीठ बेताचंच आहे ना?" यंदा शेवटची कुरडई घातली, कंबर सरळ केली आणि सहज चौफेर नजर टाकली. आसपासच्या कितीतरी गच्च्यांवर निळसर काळ्या काचांच्या ओळी बसल्या होत्या, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, अजिंक्यताऱ्याकडे. साताऱ्यात किल्ला शहराच्या दक्षिणेला आहे. घराचं दार दक्षिणेला नको म्हणून अडून बसणारी आमची ही आळी, आणि आता तिच्या डोक्यावरचं सगळं काही दक्षिणेकडे बघत होतं. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला राहतो, वर्षातला बहुतेक काळ सूर्य आपल्या दक्षिणेकडून जातो, इतकं साधं त्याचं कारण. वर्षानुवर्षं मी हे भूगोलाच्या तासाला शिकवलं. पण आपल्या गच्चीवर उभं राहून ते असं बघितलं नव्हतं.

आमच्याकडे तो विषय संक्रांतीपासून चालला आहे. सोलर बसवायचं का? ह्यांनी त्यासाठी एक वही घातली आहे. एका पानावर महिन्याची युनिटं, एका पानावर दरपत्रकं. तीन किलोवॅटला एक लाख पंच्याण्णव हजार. त्यातून सूर्यघर योजनेचं अनुदान अठ्ठ्याहत्तर हजार, तेही आधी पैसे भरायचे, संच चालू झाला की खात्यावर जमा. उरले एक लाख सतरा हजार. आमचा वापर महिन्याला एकशेसत्तर युनिटांच्या आसपास, उन्हाळ्यात जास्त, थंडीत कमी. म्हणजे साधारण सहा-साडेसहा वर्षांत पैसे फिटतात. दोन किलोवॅटचा हिशेब वेगळा. त्याला अनुदान साठ हजार, पण पावसाळ्यात बहुधा पुरायचं नाही. गुणाकार-भागाकार कुठे चुकलेला नाही, मी तपासून पाहिला आहे. तरी वही बंद केली की विषय होता तिथेच राहतो.

माहिती द्यायला आलेला मुलगा चांगला होता. पंचविशीतला, बोलायला नम्र. त्याने गच्ची मापली, मोबाइलवर दिशा पाहिली आणि म्हणाला, "काकू, जागा भरपूर आहे. फक्त पाण्याच्या टाकीची सावली कुठे कुठे जाते तेवढं बघून ठेवा." पॅनेलं एकामागे एक मालेत जोडलेली असतात, त्यातल्या एकावर सावली पडली तरी सगळ्या मालेचा प्रवाह अडतो, असं त्याने समजावलं. नव्या पॅनेलांत त्यावर तोड केलेली असते, पण सावली टाळता आली तर टाळलेलीच बरी. दुपारचा चहा घेऊन तो गेला आणि मी जुन्या पिशवीतून खडूचा डबा काढला.

मग मी सावली आखायला लागले. सकाळी एकदा, अकराला एकदा, दुपारी, उन्हं कलताना. टाकीच्या सावलीच्या कडेनं खडू फिरवायचा आणि रेघेशेजारी वेळ लिहायची. संक्रांतीच्या सुमाराला भर दुपारीही सावली उत्तरेकडे लांब पसरायची, पार कपड्यांच्या तारेपर्यंत. होळीला ती आखडली. आज काढलेल्या रेघेला उद्याची सावली बोटभर चुकवून जायची आणि त्या बोटभराचं मला फार अप्रूप वाटायचं. इतकी वर्षं फळ्यावर पृथ्वीचा कललेला आस काढला, कर्कवृत्ताची तुटक रेघ मारली. तो आस इथे माझ्या पायाशी, फरशीवर हलत होता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर एका दुपारी टाकीची सावली टाकीखालीच गेली. सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडे भर दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्या पॅनेलांना हे दिवस थोडे तिरके जातात. पण त्यातला बराचसा काळ आपला पावसाचा, तेव्हा सूर्य असाही ढगांपलीकडे.

याच खटाटोपात आणखी एक गोष्ट कळली. पॅनेलाला उजेड हवा असतो, उष्मा नको असतो. त्याची क्षमता मोजतात ती पंचवीस अंश तापमानाला. मेमधल्या आमच्या स्लॅबवर काच साठ अंशांपर्यंत तापते आणि दर अंशामागे वीज थोडी थोडी घटत जाते. म्हणजे ज्या उन्हात आईंचा पापड दोन दिवसांत खडखडीत वाळतो, त्याच उन्हात पॅनेल हिरमुसतं. त्याला आवडतं ते पौष-माघातलं ऊन, कोरडं, स्वच्छ, वाऱ्याचं. सूर्य एकच, पण एकाच गच्चीवर दोघांची मागणी वेगळी.

तसं आमच्या घराला सूर्य कामाला लावायची सवय जुनी आहे. दादांनी, माझ्या सासऱ्यांनी, सोलर कुकर आणला होता तेव्हा मी नवी नवरी होते. पेटीसारखा डबा, झाकणाला आतून आरसा, आत काळे रंगवलेले डबे. सकाळी नऊला डाळ-तांदूळ लावायचे आणि तासातासाने उठून आरशाचं तोंड सूर्याकडे फिरवायचं, हे काम दादा स्वतः करायचे. बारा वाजता वरणाचा जो वास यायचा तो गॅसवरच्या वरणाला येत नाही. त्यात भाजलेले शेंगदाणे तर आम्ही कुठे कुठे पाठवायचो. पुढे पाणी तापवायचा सोलर आला आणि तांब्याचा बंब माळ्यावर गेला. या दोन्हीच्या वेळी पैसे किती वर्षांत फिटतील, असं घरात कुणी विचारल्याचं आठवत नाही. दादांना ऊन फुकट जाताना बघवत नसे, एवढंच. दारात ऊन पडलंय आणि कुणी वीज पेटवून बसलंय हे त्यांच्या मते अन्न टाकण्यासारखं होतं.

मग आज आम्ही का अडखळतो? रक्कम मोठी आहे हे तर आहेच. पेन्शनवर चालणाऱ्या घरात लाख-सव्वालाख सहज उचलून देता येत नाहीत. पण मला वाटतं, अडखळतो ते सहा वर्षांपाशी. माहितीपत्रकावर आणखी मोठा आकडा आहे. पंचवीस वर्षांची हमी. पंचवीस वर्षांनीही पॅनेल मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या पुढेमागे वीज देत राहील, असं कंपन्या लिहून देतात. इन्व्हर्टर मध्ये एकदा तरी बदलावा लागेल, पण काच टिकेल. पंचवीस वर्षांनी मी कुठे असेन याचा हिशेब वहीत मांडता येत नाही. मुलगा बंगळुरूला आहे, मुलगी पुण्यात. दोघांचं तिथे बस्तान बसलं आहे आणि ते बसावं म्हणूनच आम्ही झिजलो. आमच्या आळीत दर दोन-चार घरांआड एक घर असं आहे जिथे संध्याकाळी एकाच खोलीत दिवा लागतो. काही घरांना तर कुलूप आहे, दिवाळीला उघडतात. एका कुलूपबंद घराच्या गच्चीवर पॅनेलं आहेत. दिवसभर वीज होते, तारेतून बाहेर जाते, मीटर नोंदत राहतो. मार्चअखेरीला हिशेब होतो आणि उरलेल्या युनिटांना अगदी किरकोळ दर मिळतो. त्या काचा कुणासाठी चमकतात, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून वहीतला प्रश्न वरवर पैशांचा दिसला तरी या घरात राहणार कोण, हा त्याच्या पोटातला प्रश्न आहे. ह्यांना तो कळतो. त्यामुळेच ते पुन्हा पुन्हा युनिटं मोजत बसतात.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वाऱ्याने कुठेतरी फांदी पडली आणि आळीतली वीज गेली. शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "आमच्याकडे सोलर आहे, तरी गेली हो!" त्यांची समजूत अशी की छतावर वीज होतेय म्हणजे आपलं घर उजळलेलंच राहणार. बॅटरी नसलेल्या संचाचं तसं नसतं. बाहेरच्या तारेतली वीज गेली की इन्व्हर्टर आपणहून क्षणात थांबतो. तो थांबला नाही तर छतावरची वीज उलटी तारेत जाईल, आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या लेखी ती तार बंद असेल. त्या माणसाच्या जिवासाठी अख्ख्या आळीतल्या छतांनी काम थांबवायचं, अशी ती रचना आहे. वहिनी त्या दिवशी नाराज झाल्या. मला मात्र ते ऐकल्यापासून या यंत्राबद्दल निराळाच आदर वाटायला लागला. आमच्या आळीतला वायरमन मला ठाऊक आहे, त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. भर पावसात खांबावर चढलेला त्याचा हिरवट रेनकोट मी कितीदा खिडकीतून पाहिला आहे. लोडशेडिंगच्या वर्षांत लोक त्याला फोनवर वाटेल ते बोलायचे, आणि मुलांच्या परीक्षा तोंडावर आल्या की मीही चिडायचे. आता गच्चीवर जे बसेल त्याला आधी त्याची काळजी असेल.

वीज कुठून येते, याची या जिल्ह्याने फार मोठी किंमत मोजली आहे. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवून पोफळीला खाली सोडलं आणि महाराष्ट्रातले कारखाने चालले, शहरं उजळली. त्यासाठी खोऱ्यातली गावंच्या गावं पाण्याखाली गेली, माणसं सांगली-सोलापूरपासून रायगड-ठाण्यापर्यंत विखुरली. त्यांच्या जमिनींचे आणि हक्कांचे प्रश्न पिढ्या उलटल्या तरी संपलेले नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आईंना अजून आठवतो. फडताळातली भांडी खणाणली आणि दादांनी सगळ्यांना उचलून अंगणात आणलं. धरणग्रस्त घरांतल्या मुली माझ्या वर्गात असायच्या. एकीने निबंधात लिहिलं होतं की आमचं गाव उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतं आणि आजी ते बघायला जाते. त्या वहीवर मी काय शेरा दिला ते आठवत नाही. काही दिलाच नसावा.

पुढे वारा आला. ठोसेघरच्या वरच्या अंगाला चाळकेवाडीच्या पठारावर, पलीकडे वनकुसवड्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मुलं लहान होती आणि पाती फिरताना येणारा तो घुमणारा आवाज ऐकून मुलगी मला बिलगली होती. आता ऊन. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ साली राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. घरांवर, रस्त्यांवर, सगळीकडे सूर्याची वीज. ज्या तालुक्याने पाण्यासाठी गावं दिली, त्याच तालुक्यातली एक वाडी आपल्या उजेडाचं आपण बघते आहे, हे वाचलं त्या दिवशी मला खरोखर भरून आलं. आमच्या घरातला प्रत्येक दिवा आजवर कुणाच्या तरी शिवारावर, नाहीतर चंद्रपूरच्या कोळशाच्या धुरावर जळत आला. त्याचा खर्च बिलावर छापून येत नाही. तीनशे चौरस फूट गच्ची देऊन त्यातला थोडा भाग आपल्या अंगावर घेता येत असेल, तर तो घ्यावा असं माझं मन सांगतं. सहा वर्षांत फिटो की आठ.

पॅनेलही निर्मळ आकाशातून पडत नाही, हे मला माहीत आहे. वाळूतल्या सिलिकॉनला प्रचंड आचेत वितळवून, शुद्ध करून त्याच्या पातळ चकत्या करतात. जगातलं त्यातलं बहुतेक काम चीनमध्ये होतं आणि तिथली आचही बरीचशी कोळशाचीच असते. पंचवीस वर्षांनी ही काच उतरेल तेव्हा ती कुठे जाणार, हाही प्रश्न आहे. २०२२ च्या ई-कचऱ्याच्या नियमांत सौर पॅनेलं आली आहेत, तेवढा दिलासा. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने १९५४ च्या एप्रिलमध्ये पहिला कामाचा सौरघट लोकांसमोर आणला तेव्हा त्यावर खेळण्यातला पाळणा फिरवून दाखवला होता. पडलेल्या उन्हातलं जेमतेम सहा टक्के तो विजेत बदलायचा. आज वीस टक्क्यांच्या वर जातं. खेळण्यापासून घरापर्यंत यायला सत्तर वर्षं लागली. उतरलेल्या काचांचं काय करायचं हे शिकायलाही लागतील काही वर्षं. त्यासाठी आजची सुरुवात अडवून धरावी असं मला वाटत नाही.

अडचण निघाली ती आईंकडून. आम्ही खाली बसून तीन की दोन करत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळी गच्ची काचांनी झाकलीत तर वाळवण कुठे घालणार?" त्या सोलरवाल्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "काकू, उंच सांगाडा करू. आठ फुटांवर पॅनेलं, खाली गच्ची मोकळी." त्याला खर्च जास्त, पण लोक करतात, खाली खुर्च्या टाकून बसतात. आईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सावलीत पापड वाळत नाहीत, बाळ." त्यावर कुणालाच काही बोलता येईना. आई आता स्वतः गच्चीवर जात नाहीत, कुरडया विकतही मिळतात, पुढच्या पिढीत हे कुणी करेल असंही नाही. तरीही त्यांचं म्हणणं मला बिनतोड वाटलं. गच्चीच्या त्या पूर्वेच्या तुकड्यावर पन्नास-साठ वर्षं या घराचे सांडगे, मिरच्या, गव्हलं, आंब्याच्या पोळ्या वाळल्या. ते ऊन आधीच कामावर आहे. त्याला बेकार समजून आपण नवं काम द्यायला निघालो होतो. वहीत मग दोन किलोवॅटचं पान पुन्हा उघडलं गेलं. खडूच्या रेघा बघून पश्चिमेची बाजू ठरली. तिथे टाकीची सावली दिवस मावळेपर्यंत पोहोचत नाही. माकडं येतात ती मात्र पश्चिमेच्याच भिंतीवरून, त्यांचं काय करायचं ते बघावं लागेल.

पावसाळ्यात दोन किलोवॅट पुरणार नाही, थोडं बिल येत राहील. येऊ दे, असं हे म्हणाले. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, तीनच घ्या, पुढे गाडी विजेवरची घेतली तर?" कुणाची गाडी, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्या एका वाक्यावर ह्यांनी दोन दिवस काढले.

अर्ज भरायला बसलो तेव्हा पहिल्याच रकान्यात थांबलो. वीजजोडणी ज्याच्या नावावर, अर्ज त्याच्याच नावाने करायचा आणि अनुदानही त्याच्याच खात्यावर. आमचं बिल अजून दादांच्या नावाने येतं. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण दर महिन्याला त्यांचं नाव छापलेला कागद दारात पडतो, हे बिल भरतात, आणि नाव बदलून घ्यावं असं कुणाच्या मनात आलं नाही. आता ते बदलायचं म्हणजे मृत्यूचा दाखला, वारसांची ना हरकत, सगळ्यांच्या सह्या. भाऊजींनी मुंबईहून लगेच पाठवतो म्हणून कळवलं. वन्सं कराडला असतात, त्यांचा फोन आला. सही देते म्हणाल्या, मग जरा थांबून विचारलं, "वहिनी, घर काढायचं तर नाही ना मनात?" मी म्हटलं, "वन्सं, घर काढायचं असतं तर छपरावर पैसे कशाला घातले असते?" त्या हसल्या, पण पुन्हा विचारलंच, "मग नाव कुणाचं लावताय?"

ते ठरलं नव्हतं. ह्यांचं लावायचं की आत्ताच मुलाचं लावून पुढचा खटाटोप वाचवायचा, यावर आमचं बोलणं चाललं होतं. मुलगा तिकडे, त्याला सारखं यावं लागेल. ह्यांचं वय सदुसष्ट. आई भाजी निवडत ऐकत होत्या. गवारीची शीर काढता काढता म्हणाल्या, "माझ्या नावावर करा की." आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. "घर यांनी बांधलं, वाळवण मी घातलं. एक कागद माझ्या नावाने येऊ दे. अजून कधी आला नाही."

त्यांचं वय चौऱ्याऐंशी. पॅनेलांची हमी पंचवीस वर्षांची. ह्यांनी लगेच उठून कपाटातून त्यांचं आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक काढलं. आधारवर नाव आहे पार्वती, पासबुकावर पारूबाई. ते आधी जुळवून घ्यावं लागेल, त्याला किती दिवस लागतात ते सोमवारी बँकेत जाऊन विचारायचं आहे.